वाळवणातली आयसी

३ मे १९९८
मशीन उघडली! पाठीमागचं फळकूट नुसतं चार स्क्रूवर होतं. आत उंदराच्या लेंड्या, एक सुपारी, अन् एवढा मोठा हिरवा बोर्ड. टीव्हीत असतात त्याच्या चौपट आयसी.

घनसावंगीच्या स्टँडजवळ अप्पारावचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, तिथली ही एकुलती एक मशीन. त्यात एकच गेम. गडी शिड्या चढून फळं तोडतो, पाखरं झडप घालतात, मागं राक्षस. लोकं कंटाळले. अप्पाराव म्हणला, जालन्यात एका मशीनमध्ये चार-चार गेम पाह्यले, तसं करून द्या. आमचे हे लगेच – "होऊन जाईल!" यांच्या तोंडात न्हाई हा शब्दच न्हाई. मशीन उतरवून टेम्पो गेला अन् मंग मला हळूच – "कौसल्या, कसं करतात गं ते?"

पाटी 'बद्रीनाथ टीव्ही-रेडिओ', अन् सोल्डर माझ्या हातचा. तीर्थपुरीत कुणाला म्हाईत न्हाई. आत्याबाईंना वाटतं मी त्यांच्या लेकाला हाताखाली मदत करते.

५ मे
जालन्याचा धर्मराज म्हणून कुणी आहे, घरच्या घरी चार गेमचे असले किट बनवतो. अप्पारावनं पत्ता दिला. पत्र मी लिहिलं, खाली सही केली – बद्रीनाथ. परक्या माणसाला बाईनं पत्र लिहिलं तर लोक काय म्हणतील, असं हे म्हणले. बरं बाई.

९ मे
उत्तर आलं! काय सुरेख समजावलंय! चारही गेमचा बोर्ड एका जातीचा असला की जुन्या चार आयसींतलं एकाच मोठ्या आयसीत भरता येतं. जुन्या आयसीला चोवीस पाय, नवीला अठ्ठावीस. जादा पायांतल्या दोन पायांना करंट द्यायचा का न्हाई, त्यावर ठरतं कोणता गेम लागणार. दोन पाय, चार तऱ्हा! मी दिवसभर येड्यासारखी बोटांवर करून पाहून राह्यले.

बटनासाठी जुन्या रेडिओचा बँडस्विच बसतो. मीडियमला पहिला गेम, शॉर्टला दुसरा.

आणखी लिहिलंय – सोबत चुकीचं भरलं गेलेल्या चार आयसी धाडल्या, माझा आयसी पुसायचा दिवा फुटला. यांच्या पाठीवर काचेची खिडकी आहे, कडक उन्हात आठ-दहा दिवस ठेवल्या की आतलं समदं पुसून कोऱ्या होतात. चांगल्या आयसीच्या खिडकीवर मात्र काळी पट्टी पाहिजेच.

उन्हाला आपल्याकडं काय तोटा! गच्चीवर कुरडयांच्या बाजेवर मांडून आले. आत्याबाई काठी घेऊन राखणीला. "ह्या काळ्या गोमी कशाला वाळवती गं?" म्हणल्या.

१० मे
अप्पारावच्या आयसी नक्कल करायला जालन्याला धाडल्या. एक सोडून.

ती मीच ठेवून घेतली. आत काय असतं ते पाहायचंय! यांना सांगितलं, तपासायची आहे. खोटं बोलले.

११ मे
अकरा बटनं, आठ लाल दिवे, एका फळीवर मीच जोडले अन् आयसी त्यात खोचली. बटनं दाबून घर सांगायचं, दिवे त्या घरात काय आहे ते दाखवतात. अशी दोन हजार अठ्ठेचाळीस घरं. वहीत उतरवून राह्यले. पेटला तर टिंब, न्हाई तर रिकामं.

आठ घरं एकाखाली एक लिहिली अन् अंगावर काटाच आला – ठिपक्यांचा A! खालच्या आठ घरांत B! ही चित्रांची आयसी आहे. रांगोळीच की ही!

१३ मे
अक्षरं संपली. शिडी सापडली. आठ-आठ घरांच्या चार चौकटी जोडल्यावर गडी सापडला, टोपी घातलेला. आत्याबाई म्हणल्या, "नामजपाची वही का? लिही लिही." मी हो म्हणले.

१५ मे
आज धर्मराजचं पत्र. "बद्रीनाथराव, तुमचे प्रश्न वाचून मजा येते. असं डोकं जिल्ह्यात दुसरं न्हाई." यांनी चारदा वाचून दाखवलं. डोकं माझं अन् छाती यांची फुगून राह्यली! मी पोळ्या लाटत होते. राग आला. लाटणं जोरात आपटलं तर म्हणले, "काय झालं?" मी म्हणले, काही न्हाई.

१६ मे
तेराशे घरं झाली. फळं, पाखरं अन् राक्षस राहिले. उद्या माहेरी जायचंय अंतरवालीला, चुलतबहिणीची हळद. आयसीला काळी पट्टी लावून डबीत ठेवली.

२६ मे
आले. अन् काय पाहते! बाजेवर पाच आयसी. पाच!

आत्याबाईंनी डबीतली काढली, पट्टी नखानं खरडून काढली, अन् चौघींच्या शेजारी घातली. नऊ दिवस. "चार वाळवायच्या अन् एक डबीत कोंदट ठेवायची? बुरशी धरली असती. चिकटा बी काढला मी." किती मायेनं सांगून राह्यल्या!

फळीवर लावली. आठही दिवे पेटले. दुसरं घर – आठही. शंभरावं – आठही. कोरी झाल्यावर समदेच दिवे पेटतात.

२७ मे
यांना सांगितलं. डोक्याला हात लावून बसले. "अप्पारावला काय तोंड दाखवू? माझं नाव गेलं!"

यांचं नाव! मला हसू आलं, मंग रडू. चूक माझीच. पहिल्याच दिवशी धाडली असती तर नक्कल राह्यली असती. आत्याबाईंना एका शब्दानं बोलले न्हाई.

२८ मे
दळण निवडताना सुचलं. राहिलेली चित्रं मीच काढली तर? मशीनला काय कळणार कुणी काढली! ठिपके तर ठिपके.

२ जून
फळांच्या जागी कैरी, बोर, सीताफळ. पाखरं म्हणजे कावळे. कावळ्याची मान चार वेळा खोडली. राक्षस काही केल्या जमंना.

४ जून
जमला! राक्षस न्हाईच काढला. काठी घेतलेली बाई काढली, डोक्यावर पदर. आत्याबाईच! यांनी पाह्यलं अन् चहा नाकात गेला.

वही अन् कोऱ्या आयसी धर्मराजला धाडल्या, ह्यावरून भरून द्या म्हणून. खाली लिहिलं, बद्रीनाथ. लिहिताना हात थांबला होता.

१५ जून
नव्या आयसी आल्या, बसवल्या. बँडस्विच फिरवला – एक, दोन, तीन, चार! चौथ्यावर कावळे उडाले अन् आत्याबाई काठी उगारून शिडीवर. मी वरडलेच. खऱ्या आत्याबाई पळत आल्या. पाहत राह्यल्या. म्हणल्या, "ही बाई कोण गं? पळती झकास!"

२० जून
हे घनसावंगीला जाऊन आले. अप्पाराव खूश. बाकी तीन गेम कुणी लावतच न्हाई म्हणे, समद्यांना म्हातारीचा गेम पाहिजे. "बद्रीनाथराव, कमाल केली!" यांनी सांगताना मान खाली घातली. पहिल्यांदाच घातली.

२४ जून
धर्मराजचं पत्र. शुक्रवारी येतो. आयसी वाचायची फळी पाहायची, बद्रीनाथरावांना भेटायचं, अन् पुढचा किट दोघांनी मिळून बनवायचा.

मिळून! पत्र छातीशी धरून बसले. मंग कळलं, मिळून म्हणजे यांच्याशी.

२५ जून
हे घोकून राह्यले, "अकरा बटनं, आठ दिवे. का आठ बटनं?" दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणले, "तू पडद्यामागून सांग, मी बोलतो."

मी म्हणले, पडदा धुवायला काढलाय. खोटंच. पण उद्या मी मागं बसणार न्हाई. ज्या माणसाशी दीड महिना बोलले, त्याच्यापुढं मुकी बसून चहा देऊ? न्हाई जमायचं.

२६ जून
जालन्याच्या बसनं आला. सोबत त्याची बहीण, बेबीनंदा, चष्मा लावलेली, हातात थैली. त्यानं यांना विचारलं, "मंग बद्रीनाथराव, चित्रं आहेत हे वळखलं कसं?" हे माझ्याकडं पाहून राह्यले. मी ट्रे खाली ठेवला अन् म्हणले, "भाऊ, पत्रं मी लिहिते. समदं मीच केलंय."

धर्मराजनं कप बशीत ठेवला. बेबीनंदाकडं हात केला. म्हणला, "मंग वहिनी, हिच्याशी बोला. माझं नुसतं नाव असतं."