बोलोन्याला अडकलेली गाडी

रोक्कास्पीना
गुरुवार, १२ ऑक्टोबर १९६१

नाझारेनो,

तू, तुझी बायको, पोरं, सगळी खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवायचा नाहीस. दोन पत्रं गेली तुला. जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये एक. बाबांना जाऊन दहा वर्षं झाली, कचेरीनं दफनभूमीच्या फाटकावर यादी लावलीय, खालच्या रांगेतल्या कबरी उघडून हाडं काढायचीत, घरचं माणूस हजर पाहिजे, सगळं स्पष्ट लिहिलं होतं. घरचं माणूस म्हणजे मुलगा. उत्तर काय आलं? बेल्जियमहून एक फोटो. तुझी बायको नव्या फ्रिजचं दार उघडून उभी. त्यात काय काय आहे ते मी भिंग लावून बघत बसू?

शेवटी एकटीच गेले. परवा मंगळवारी उघडली कबर. आईच्या वेळी नेलं होतं तेच सगळं नेलं. हाडं धुवायला वाइन, पुसायला तागाचा कपडा, जस्ताची छोटी पेटी. दफनभूमीच्या भिंतीतल्या आईच्या कोनाड्यात तिच्या शेजारी पेटी ठेवायची की काम झालं, असं धरून गेले होते. खणायला बिआजोच, दुसरं आहे कोण. दर चार फावड्यांना कंबर धरून थांबायचा. मी म्हटलं, "बिआजो, स्वतःच्या कबरीचा सराव करतोयस का रे?" तर म्हणतो, "आधी तुझी जीभ पुरतो बाई, मग मी सुखानं मरतो." सगळे हसले. सगळे म्हणजे चौघं. चढ चढू शकणारी तेवढीच उरलीत.

मग झाकण निघालं आणि कुणी हसलं नाही.

बाबा होते तसेच आहेत, नाझारेनो. कातडी वाळून काळी पडलीय, पण चेहरा आहे. मिशी आहे. कुत्र्यानं फाडलेला डावा कान आहे. कोटाची बटणं मी लावली होती तशीच. बिआजोनं टोपी काढली आणि म्हणाला, "म्हातारा अजून झाला नाही." जसा काही भट्टीतला पाव.

आपली शेजारीण नुन्झियाता जपमाळ घेऊन आली होती. ती लगेच म्हणाली, "होईल कसा? वाट बघतोय तो. कुणाचं यायचं राहिलं असलं की माणसाला माती घेत नाही. पोरगा मातीलासुद्धा आला नाही, दहा वर्षांत एक फूल ठेवायला आला नाही. थुंकायला पाहिजे त्या नाझारेनोच्या तोंडावर." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

डॉक्टर खालच्या गावाहून आले. म्हणाले, चिकणमाती आहे, पाणी धरते, हवा लागत नाही, होतं असं. होत असेल. पण चक्कीवाल्याची तेरेझा बाबांना लागूनच पुरलेली, त्याच आठवड्यात, त्याच मातीत. तिची स्वच्छ हाडं निघाली.

गावाचं म्हणशील तर शाळा बंद झाली. तीन पोरं होती, ती बापांबरोबर तोरिनोला गेली. चेस्टनट झाडाखाली कुजतायत, वेचणार कोण. सकाळी धुराडी मोजली तर अकरा. माझा उजवा गुडघा गेलाय. बकरी मेली.

हे पत्र पाद्रीबाबांकडून लिहून घेतलेलं नाही हे अक्षरावरून कळलंच असेल. तिसरी शिकलेलीचं अक्षर आहे, लावून लावून वाच. हे मला दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेता येणार नव्हतं.

तू बाबांशी भांडून गेलास. म्हणून ते गेल्यावर मी तुला कळवलं, की शेवटपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, येऊ नकोस. तुला ते खरं वाटलं. खोटं होतं ते.

दुसरं नावच नव्हतं त्यांच्या तोंडात. तीन वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, अंगाखालचं काढलं, आणि पाण्याचा पेला ओठाला लावला की म्हणायचे, "नाझारेनो, देव तुझं भलं करो." मला! एकदा तरी ओर्तेन्सिया म्हणावं?

एक दिवस शुद्धीवर होते. म्हणाले, तार कर त्याला. मी गेले. दोन तास उतरून तारघरात गेले, रांगेत उभी राहिले. कारकून म्हणाला, "बोला बाई, कुणाला?" आणि मी म्हटलं, "पोस्टाचं एक तिकीट द्या." तिकीट घेतलं आणि डोंगर चढून परत आले.

घरी सांगितलं, केली तार, निघालाय तो.

मग रोज तेच. "कुठवर आला?" बेल्जियम सोडलं. "आता कुठे?" स्वित्झर्लंडात, बोगद्यात. "आणि आता?" मिलानला. इतके खूश व्हायचे की वाटीभर रस्सा प्यायचे. मग माझ्या लक्षात आलं की मी तुला फार लवकर आणतेय. म्हणून बोलोन्याला थांबवलं. म्हटलं, बर्फ पडलंय, गाडी अडकलीय. तीन दिवस ठेवलं तुला तिथे. त्या तीन दिवसांत परत खाली जाऊन खरी तार करता आली असती. पाय होते, रस्ता होता. नाही गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोराकडे घोंगडी आहे ना?" म्हटलं, आहे. म्हणाले, "मग ठीक. थांबतो मी."

त्यानंतर बोलले नाहीत. सकाळी गेले.

आता ऐक. शवपेटी दफनभूमीच्या मागच्या खोलीत ठेवलीय. मृतांच्या दिवसानंतर, तीन नोव्हेंबरला, वरच्या कोरड्या रांगेत परत पुरणार आहेत, अजून पाच वर्षांसाठी. त्याच्या आत तू ये. माझ्याकडे उतरू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. नुन्झियाताकडे उतर. ती आधी थुंकेल, मग जेवायला वाढेल. त्या खोलीत जा आणि बाबांना सांग की तू पोचलास. मोठ्यानं सांग, त्यांना कमी ऐकू यायचं.

गावात मी अजून कुणाला काही बोललेली नाही. तू आलास की फाटकापाशी, तुझ्यासमोर, सगळ्यांना सांगेन. नाही आलास तरी सांगणार आहे. ते मी माझं बघेन. पण माझ्या सांगण्यानं बाबांचं काही होणार नाही. मी सांगितलेलं त्यांनी एकदा ऐकलंय.

क्षमा मागत नाही. तुझ्या जागी मी असते तर दिली नसती.

टपालाची गाडी शनिवारी येते. अठ्ठावीस तारखेला मी चौकात उभी असेन. येणार की नाही, एक शब्द लिही, पण त्या दिवशी तो माझ्या हातात पाहिजे.

तुला वाटेत अडवून ठेवणारी तुझी बहीण,
ओर्तेन्सिया