जड लागलेली बाटली

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. सवयीने लिहिला, मनापासून आलेला नाही. आई बरी आहे. गुडघ्याचा पट्टा घट्ट होतो म्हणून काढून ठेवते आणि मग दिवसभर कुरकुरते. तू चार दिवस फिरकला नाहीस, हे तिच्या लक्षात आलंय.

पत्र अशासाठी, की तुझ्या केबिनमध्ये आले असते तर माझा आवाज चढला असता आणि तू उठून दार लावलं असतंस. मुख्याध्यापक झाल्यापासून तुला दार लावायची फारच सवय लागली आहे.

शुक्रवारच्या अपघातावरचा तुझा अहवाल पुन्हा वाचला. ‘प्रयोगशाळा परिचराच्या निष्काळजीपणामुळे चुकीची बाटली आणली गेली.’ वा रे वा! सत्तावीस वर्षं ती खोली सांभाळणारे मामा, ज्यांच्या हाताखाली तू आणि मी पहिली परीक्षानळी धरली, ते आता नुसते ‘परिचर’?

निष्काळजीपणा कोणाचा ते मी सांगते. मामा लेबलं वाचत नसत. बाटल्यांच्या मानेला दोरे बांधत. पाण्याला पांढरा, आम्लाला लाल. सत्तावीस वर्षांत एकदाही चूक नाही. तपासणीला पाहुणे येणार म्हणून तूच फर्मावलंस, “हे गंडेदोरे काढून टाका, छापील लेबलं लावा.” मामा म्हणाले, “साहेब, आधी लेबलं लागू देत, मग दोरे कापा.” ऐकलंस? तू यादी वाचत होतास. मध्येच तुझा फोन वाजला आणि दोन बाटल्या टेबलावर बिनदोऱ्याच्या राहिल्या, दोन्हींत पाण्यासारखंच दिसणारं. फोन संपल्यावर तू बोट दाखवलंस, “हे पाणी.” झालं!

दोरे कापत होते मी. लेबल लावलं मी. विचारलं नाही, तेही मीच.

शुक्रवारी आठवीला मिश्रण शिकवत होते. मीठ आणि वाळू एकत्र करायची, पाणी ओतायचं, गाळायचं, आटवायचं. मिश्रणात प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी तसाच राहतो, म्हणून तो परत वेगळा काढता येतो, एवढंच दाखवायचं होतं. पण पाण्याच्या लेबलाखाली तीव्र सल्फ्युरिक आम्ल होतं. मिठावर पडताच पांढरा धूर उठला. मीठ मीठ राहिलं नाही, अणूंच्या जोड्या मोडून नव्या जुळल्या आणि नाकाडोळ्यांत झोंबणारा भलताच वायू तयार झाला. पहिल्या बाकावरच्या मुली खोकायला लागल्या. मामांनी ते भांडं उघड्या हातांनी उचललं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं. आम्ल हिंदकळून त्यांच्या मनगटापर्यंत आलं, तरी भांडं सोडलं नाही.

आता जे चार दिवस गिळून बसले आहे, ते.

ओतण्याआधी मामा म्हणाले होते, “बाई, ही हाताला जड लागतेय.” आम्ल पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतं, हे मी दरवर्षी शिकवते. आणि मी वर्गासमोर हसून म्हणाले, “मामा, लेबल वाचा की! अंदाजपंचे कारभार आता बंद.” पोरं हसली. मामांनी मान खाली घातली आणि ओतलं.

हे तुला माहीत नव्हतं. तरी तू त्यांच्यावर ढकललंस, आणि मी ते माहीत असून तुझ्या अहवालाखाली साक्षीदार म्हणून सही केली. तुझा राग येतो तेवढाच माझाही येतो.

काल दवाखान्यात मामांना भेटायला गेले होते. दोन बोटं वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. मामांनी विचारलं, “पोरी बऱ्या आहेत ना?” बस, एवढंच. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी चौकशी समितीच्या अध्यक्षांना दुसरं निवेदन दिलं आणि पोच घेतली. त्यात फोन, दोरे, तुझं बोट आणि माझं हसणं, सगळं आलंय. मामांची नोकरी राहील. आपल्या दोघांचं काय होईल ते होवो. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दोघांनी जाऊन त्यांच्या पाया पडा. आधी ते, मग घरात या.”

उद्या अकराला समिती बसते. मी कागद वाचायच्या आत तू स्वतःहून खरं सांगितलंस तर माझा भाऊ म्हणून उभा राहशील. नाहीतर मुख्याध्यापक म्हणून बस.

तुझी बहीण, आणि उद्या तुझ्या-माझ्या दोघांविरुद्धची साक्षीदार,
चिमी