बाबांच्या फोटोसमोरचा क्यूआर कोड

उज्ज्वल दाजी,

आज 'आदरणीय' लिहवत नाही.

रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही म्युनिकहून आमच्या बॉबलिंगेनच्या घरी आलात. सासरे गेले म्हणून आलात, असं मला वाटलं. वंदना संपते न संपते तोच तुम्ही माझ्या बॉसना, ब्रांड्टना, गाठलंत आणि बाबांच्या फोटोसमोरच लिंक्डइनचा क्यूआर कोड पुढे केलात! वर मलाच शिकवलंत, "यामिनी, ओळखी अशाच वाढवायच्या असतात."

अहो, ब्रांड्ट बॉस म्हणून आलेच नव्हते. बाबा इथे राहायला आले होते, तेव्हा उन्हाळाभर ते ब्रांड्टच्या बागेत टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधत बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी मस्त जमायचं. रविवारी ब्रांड्ट त्याच बागेतले टोमॅटो घेऊन आले होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, "आम्हाला कधी बोलता आलं नाही. माणूस कसा होता?" तुम्ही जर्मनमध्ये नुसतं "या, या, गेनाऊ", म्हणजे 'हो, हो, अगदी', म्हणालात आणि स्वतःचा क्लाउडचा अनुभव सांगत सुटलात. 'मी त्यांचा जावई आहे', एवढंही तुमच्या तोंडून निघालं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. ताई तिकडे नांदेडला आईला सांभाळतेय. तिला हे कळायला नको.

पण आज कँटीनमध्ये ब्रांड्टनी विचारलं, "ते गृहस्थ तुमच्या वडिलांचे कोण?"

मी म्हणाले, "कोणी नाही. कामासाठी आले होते."

केवळ ताईमुळे तुमची मेहुणी,
यामिनी