मलेट पॉइंट गाव एकाच प्रभागात ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग सीमा अधिकारी,
मेराबुंगी शायर (ग्रामीण तालुका) परिषद, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया

विषय : मलेट पॉइंटचे तुकडे न करता सोबतचा नकाशा मंजूर होणेबाबत.
संदर्भ : आपला प्रभागरचनेचा मसुदा व त्यावर सभागृहात झालेली बैठक.

महोदय,

१. मी, लोर्ना ट्रेथोवन, परिषदेची विद्यमान सदस्य असून कालवांची शेती करते. आपल्या मसुद्यात पाचही प्रभागांची मतदारसंख्या समान आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु ती समान करण्याच्या भरात मलेट पॉइंट या कालवं पिकवणाऱ्या गावाचे तीन तुकडे होऊन ते तीन प्रभागांच्या शेपटाला लागले आहेत. पूर आला की गावचा एकमेव लाकडी पूल पाण्याखाली जातो. नवा पूल मागणे हे तिघांपैकी एकाही सदस्याला आपले काम वाटणार नाही.

२. बैठकीत आम्ही निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्या. संगणकाने आखूड, सरळ रेषा मारल्या. माणसांचा हिशेब चोख जमला; मात्र हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा खेळ चालतो त्या बोल्स क्लबची हिरवळ एका प्रभागात गेली आणि बिअरचा नळ दुसऱ्यात. त्यानंतर बराच वेळ सभेत अन्य विषय निघू शकला नाही. नदी-डोंगर धरून आखलेला नकाशा देखणा झाला, पण वरच्या खोऱ्यातल्या एका मताला किनाऱ्यावरच्या दोन मतांचे वजन आले.

३. तेव्हा परिषदेतील माझे विरोधक, दुग्धव्यावसायिक श्री. डेस मुलक्वीन उठून म्हणाले, "लोर्नाला नकाशा आखू द्याल तर माझ्या गायीसुद्धा तिलाच मत देतील." मी म्हणाले, "आणि तू आखलास तर माझी कालवं तुला." यावर मलेट पॉइंटच्या नेल मावशी म्हणाल्या, "मग पोरांना केक वाटतो तसं करा. एकानं कापायचा, दुसऱ्यानं आधी उचलायचा."

४. त्याप्रमाणे मी पाच प्रभाग आखले. त्यांतला एक श्री. मुलक्वीन यांनी पक्का केला व उरलेल्या भागाचे चार नव्याने आखले. त्यांत मलेट पॉइंट अखंड दिसताच तो प्रभाग मी पक्का केला. असेच आळीपाळीने शेवटपर्यंत. एकाने लबाडी केली की दुसरा पुढच्या डावात ती पुसत होता. नेल मावशींनी विचारले, "एवढे प्रामाणिक आहात, तर एकमेकांवर पहारा कशाला?" श्री. मुलक्वीन म्हणाले, "पहारा आहे म्हणूनच प्रामाणिक आहोत, मावशी."

५. आता एक अडचण नम्रपणे नमूद करते. या नकाशानुसार माझे राहते घर श्री. मुलक्वीन यांच्या प्रभागात गेले आहे. तेथे माझा पराभव बहुधा निश्चित आहे. माझ्या यजमानांनी तर मासेमारीच्या सहलीचे बेतही सुरू केले आहेत. तथापि माझ्या जागेपेक्षा मलेट पॉइंटला स्वतःचा माणूस मिळणे अधिक निकडीचे आहे. सबब हाच नकाशा कायम करावा, ही विनंती.

पूल होण्याच्या आशेत,
आपली नम्र,
लोर्ना ट्रेथोवन
दि. १४ मार्च

सोबत : उभयतांच्या सह्यांचा नकाशा.

सहमत : डेस मुलक्वीन. अर्ज वाचला. परिच्छेद ५ मधील पराभवाबाबत संपूर्ण सहमत. पुलाचा ठराव मात्र मी मांडीन.