टोळीचा मुतखडा

५ एप्रिल १९९६, महापे

यशोदा, तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की बाटली नुसती फळीवर शोभेला ठेवलीस? दाजींचा खोकला उतरला का? बिडी सुटली असं ते सांगतील, पण गोठ्यामागे जाऊन बघत जा. तुझ्या सासूबाईंना ऐकू येतं का, की अजून सोयीचं तेवढंच येतं? सयाजीच्या तेजश्रीला सातव्यातही उलट्या होतात का? सूनबाईला म्हणावं, आवळा चघळ आणि पोटातल्याला माझा आशीर्वाद सांग. चांदी गाय व्याली की नाही तेही कळव.

तू म्हणालीस, दादा, रोजचं लिहून ठेव, महिन्याला वही पाठव, तेजश्री वाचून दाखवेल. तर ही सुरुवात. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, हसू नका.

तुझा सयाजी मला न्यायला वाशीच्या नाक्यावर आला होता. माझी ट्रंक त्यानं कांद्याच्या पोत्यासारखी पाठीवर मारली. तुर्भ्याच्या बाजारात वर्ष काढलं पोरानं, हमाल शोभतो. वाटेत मात्र एकदम बसला, कंबर धरून, तोंड पांढरंफटक. म्हणाला, मामा, खडा हलला, कळ आता जाईल. गेलीही. पण पुढं ट्रंक मीच उचलली.

नोकरीची जागा झकास आहे. डोंगराच्या पायथ्याशी नवी पांढरी इमारत, आत मुतखड्यावर संशोधन. दुपारी खाणीत सुरुंग उडतात तेव्हा तेवढ्या खिडक्या थरथरतात. नळाला पाणी रात्रंदिवस. मला खोली, पंखा, आणि वॉर्डात सगळ्यांनी पहिल्याच दिवशी मामा करून टाकलं.

९ एप्रिल

काम समजलं. हसशील. माणसांना पाणी पाजायचं आणि त्यांनी सोडलेलं गोळा करायचं. प्रत्येकाच्या नावाचा प्लास्टिकचा डबा, दिवसभराची लघवी त्यात. मग ती मलमलीच्या फडक्यातून गाळायची, बारीक वाळू-खडा सापडला तर कुपीत घालून डॉक्टरीणबाईंना द्यायचा. घाण वाटत नाही. तुझी दुपटी धुतलेला माणूस मी.

डॉक्टर क्षिप्राबाई तिशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी सगळं उकलून सांगितलं. बाजारातल्या हमालांना खडे फार होतात. उन्हात घाम गळतो आणि पाणी प्यायला माणसं भितात, कारण लघवीला गेलं की गाडीवरची पाळी जाते. आता नवी पुडी निघाली आहे, लिंबाच्या चवीची. झालेला खडा विरघळेल, पुन्हा होणार नाही, असं वाटतं. पण वाटून चालत नाही, पडताळावं लागतं. म्हणून अर्ध्या लोकांना खरी पुडी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली पोकळ पुडी. कुणाला कुठली ते खुद्द बाईंनाही माहीत नाही.

सयाजी याच वॉर्डात भरती आहे. त्याच्या टोळीचे आणखी दोघं आहेत, मुकादम हौसेराव आणि स्वराज म्हणून एक गप्प पोरगा. त्या दोघांना नुसती वाळू आहे. सयाजीचा खडा मोठा. मशीनच्या पडद्यावर मला दाखवला, पांढरा, सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला, एक फाटा वाकड्या बोटासारखा आत वळलेला.

१४ एप्रिल

आज एक गोष्ट झाली. बरी की वाईट, तूच ठरव.

हौसेरावला पोकळ पुडीची गोष्ट पटेना. म्हणाला, मामा, एकाच्या पानात भाजी आणि दुसऱ्याच्या पानात भाजीचं चित्र, ही कुठली पंगत? मी त्याला शास्त्र समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच बोलला, "आमच्या टोळीत वझं सारखं, हमाली सारखी. मग औषधबी सारखं."

तिघांनी आपापल्या पुड्या पितळी तांब्यात रिकाम्या केल्या. मी अडवायला हवं होतं. पण सयाजीची पोकळ निघाली तर, हा विचार माझ्याही मनात होताच. मीच पाणी ओतलं, मीच ढवळलं. पहिला घोट सयाजीला, कारण तो जास्त दुखणेकरी. मग स्वराज, मग मुकादम. मग म्हणाले, तुम्ही आमच्यात जेवता, तुम्हीपण टोळीतलेच. नाही म्हणणं बरं दिसेना. मी प्यालो. तळाशी घोटभर उरलं, ते मी सयाजीच्याच तोंडाला लावलं. म्हटलं, उरलंसुरलं भाच्याला.

लिंबाची चव. मागून थोडी मातीसारखी.

२० एप्रिल

यशोदा, देवापुढं साखर ठेव. सयाजीची कळ थांबली. सकाळी उठला तो नाचतच. पडद्यावर खडा नाही. बाई तर हरखून गेल्या.

फडक्यात मात्र काही आलं नाही. एवढा खडा गेला कुठल्या वाटेनं? मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, विरघळला. विरघळला तर विरघळला.

स्वराजला आजपासून कळा सुरू झाल्या. सयाजी उठून नाचला, त्याच वेळी तो खाटेवरून खाली आला. जो पोरगा तोंडातून शब्द काढत नाही तो आईला हाका मारत होता.

२३ एप्रिल

स्वराजचा फोटो काढला. मी शेजारीच उभा होतो. पांढरा, फाटे फुटलेला, आणि एक फाटा वाकड्या बोटासारखा आत वळलेला. सयाजीच्यापेक्षा मोठा.

क्षिप्राबाईंना वाटलं, फोटोंची अदलाबदल झाली. नर्स स्मिताला उगाच बोलणी बसली, वड्याचं तेल वांग्यावर. मग बाईंनी सयाजीला परत झोपवलं आणि नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खडा नव्हता. पण ज्या उजव्या मूत्रपिंडात तो होता, ते मूत्रपिंडही नव्हतं. जागा रिकामी.

बाई म्हणाल्या, काही माणसं एकाच मूत्रपिंडाची जन्मतात, त्यांना कळतही नाही. आधीचे फोटो दुसऱ्या कुणाचे असणार. जपलं तर एकावर माणूस जगतो, मामा.

सयाजी हसून म्हणाला, ओझं कमी झालं. मला हसू आलं नाही.

२७ एप्रिल

स्वराजचा भाऊ त्याला चिडून तुर्भ्याला घरी घेऊन गेला. आज दुपारी निरोप आला, पोरगा एकदम बरा झाला, भाकरी मागतोय.

निरोप आला तेव्हा हौसेराव माझ्यासमोर बसून पत्ते पिसत होता. पत्ते हातातून सांडले. पोत्याची चळत अंगावर पडली तरी हूं न करणारा माणूस, त्यानं कळेसरशी माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

तांब्या ज्या वाटेनं फिरला त्याच वाटेनं तो खडा फिरतोय. सयाजी, स्वराज, मुकादम. मग मी.

आणि शेवटचा घोट कुणाला दिला ते तुला वर लिहिलंच आहे.

२९ एप्रिल

बाईंना सगळं सांगितलं. तांब्याचं, घोटांचं, वाटेचं. त्यांनी वाटेचं ऐकलंच नाही. पुड्या मिसळल्या एवढंच ऐकलं आणि खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मामा, इतक्या लोकांची मेहनत वाया गेली हो. नियमानं तिघांची नावं संशोधनातून काढावी लागली. सयाजीला रजा दिली. चांगलं करायला गेलो आणि आगीतून फुफाट्यात.

मी सयाजीला पुन्हा पुन्हा सांगितलं, गावाकडं जा, आईजवळ राहा. तो म्हणाला, "मामा, मी बरा झालोय, तुमीच का रडताय?"

एस.टी.त बसवून आलो. आत्तापर्यंत लोणंदच्या पुढं गेला असेल. लांब गेला, बरं झालं. पण स्वराजही लांबच होता.

२ मे

मुकादमाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. खाडीपल्याड. बाई स्वतः गाडीत बसल्या. खडा आता मुठीएवढा, आजच्या आज काढायला हवा म्हणाल्या. काढतील. फोडून फेकून देतील. मी गणपतीला नारळ बोललोय. तिथंच संपू दे.

२ मे, संध्याकाळ

चहाचा ट्रे घेऊन जिन्यात होतो. उजव्या कुशीत कुणीतरी हात घातला. कप खाली. मीही खाली.

स्मितानं मुंबईला फोन लावला. टेबलावर घेण्याआधी त्यांनी परत फोटो काढला होता. खडा नाही. त्या बाजूचं मूत्रपिंड नाही. मुकादम शुद्धीवर आहे आणि मामा कसे आहेत विचारतोय.

खाडी ओलांडून आला.

४ मे

यशोदा, मला मरणाची भीती नाही, साठी उलटली. मला दोन मूत्रपिंडं आहेत, एक गेलं तरी चालेल. सयाजीला एकच. तेजश्रीचं आठवं सरत आलं ना?

खडा सोडायचा नाही. इथंच ठेवायचा. माझ्यात.

पाणी प्यायचं नाही, असं ठरवलं आहे. सगळ्यांना पाणी पाजणारा मी. पण पाण्यानंच तो सुटतो, पुढं जातो. कोरडं राहिलो तर कदाचित रुतून बसेल. स्मिता ग्लास आणते, मी कुंडीत ओततो. तेजश्री, हे पान यशोदाला वाचून दाखवायचं नाही. तू आधी वाचशील, तर इथंच थांब.

६ मे

बाईंनी फोटो काढला. वाकडं बोट मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं — चेहरा बघितला मी — पण फोटो पाकिटात सारला. मी पाया पडलो. म्हटलं, माझ्यातून काढू नका, हलवू नका, असाच राहू द्या. त्या माझं डोकं थोपटत राहिल्या. म्हणाल्या, पाण्यावाचून माणूस असं बरळतो.

वाढतोय. वाकून लिहिता येत नाही. उताणा —

खिडकीतून डोंगर दिसतो. सुरुंग उडाला की खडा आत हलतो. बाहेर जायची वाट शोधतोय, असं —

७ मे

जीभ टाळ्याला चिकटली. अजून इथंच आहे. बरं आहे. कळ आहे तोवर सयाजी बरा. कळ आहे, देवा, असू दे —

८ मे

शुद्ध गेली होती म्हणे. डोळे उघडले तर हातात सुई. वर बाटली. थेंब थेंब — पाणी माझ्या अंगात —

ओढून काढायला गेलो. हात पलंगाला बांधलेत, पट्टीनं, मऊ. मी डावखुरा, डावा सोडवून घेतला स्मिताकडून, लिहायचं म्हणून. सुई उजव्यात. डावा तिथवर पोचत नाही. तिला सांगितलं, बाटली बंद कर. रडली बिचारी. बाईंनी बजावलंय म्हणाली. सगळे किती जीव लावतात, यशोदा. सगळे वाचवतात मला.

दुसरी बाटली लावली.

८ मे, दुपार

तिसरी. अजून आहे. धरून ठेवलाय. अजून —

यशोदा

कळ थांबली.

एकदम. कुणी दिवा मालवावा तशी. किती हलकं वाटतंय — स्मिता हसतेय, बाईंना बोलवायला धावली — मी ओरडतोय पण आवाज —

तो जेवायला बसला असेल. तेजश्री वाढत असेल. यशोदा, सयाजीच्या कुशीत काही — तोंड पांढरं तर नाही ना — लवकर लिही, हे मिळाल्या मिळाल्या लिही, एक ओळ, सयाजी बरा आहे एवढंच — लवकर —