संध्याचा फ्लेक्स कुणी लावायचा न्हाई

३ मार्च

संध्याचा फोन! आमची संध्या हायकोर्टाची जज्ज व्हायलीय! म्हणजे झाली न्हाई अजून. कलबुर्गीत वीस वर्षं वकिली केली, त्यातून नाव निघालं, बेंगळुरूहून दिल्लीला गेलं. आता सरकार चौकशी करणार, मग सही. "दादा, तोवर कुणाला सांगू नकोस. पार्टीवाल्यांना तर अजिबात न्हाई. अमक्या पार्टीची बाई असं एकदा कुणी म्हटलं की फाईल बसली म्हणून समज."

मला सांगायलीय! भालकीत एकोणीस वर्षं फ्लेक्स छापायलोय मी. लोकांचे वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या, सगळं खांबावर टांगणारा माणूस! तरी शब्द दिला. फक्त पंचशीलाला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे काय सांगणं न्हाई.

४ मार्च

पंचशीलानं फक्त आईला सांगितलं. आईनं फक्त विहारात.

५ मार्च

शटर वर करतो तर दारात वीरण्णा. हा चौकातल्या पार्टीचा तालुकाध्यक्ष. (इथं खरी नावं लिहीत न्हाई. ज्या पार्टीचं ऑफिस जिथं, तेच तिचं नाव.) "राजपाल, वीस बाय दहाचा टाक. मधी संध्याक्का, वर आमचे साहेब, खाली आम्ही चोवीस शुभेच्छुक." म्हटलं, न्हाई. "कामून? डोकं फिरलं व्हय तुझं?"

त्याची पाठ वळते न वळते तोच बसस्टँडवाल्या पार्टीचा शिवशंकर. तोच मजकूर! साहेब तेवढे वेगळे, आणि शुभेच्छुक सव्वीस, कारण चोविसाची खबर त्याला लागली व्हती. त्यालाही न्हाई म्हटलं. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी न्हाई म्हटलं न्हाई, आज एका सकाळी दोनदा. दुपारी भाकर गोड लागली न्हाई.

दोघं उदगीरला छापायला गेले म्हणे. एकाच बसनं. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या.

७ मार्च

लागले! चौकात एक, बसस्टँडसमोर एक! उदगीरवाल्यानं संध्याला एवढं गोरं केलंय की आई विचारायली, "ही कोण रे बाई?" साहेबांचं डोकं तिच्या चौपट. खाली लिहिलंय, "आमच्या पक्षाची रणरागिणी". रणरागिणी! झुरळ दिसलं की खाटेवर चढती ती.

कुणीतरी तिला फोटो पाठवला. फोन आला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणली, "दादा, मी कुणाकडं मागायला गेले नव्हते रे. पण नाव निघालं तवा बाबांची लई आठवण आली."

बाबा भालकीच्या कोर्टात शिपाई व्हते. जन्मभर जज्जाच्या दाराबाहेर उभं राहून नावं पुकारली. "गुंडेराव, पाणी आणा" म्हटलं तेवढंच आत जायचं. आणि त्यांची पोरगी आत बसायची वेळ आली तर ह्या लोकांनी तिला खांबाला टांगली!

८ मार्च

पहाटे पाचला शिडी घेऊन गेलो. हाताला लावायची सवय, काढायची न्हाई. पक्कडीनं तारा कापल्या तर अख्खा फ्लेक्स अंगावर! साहेबांच्या मिशीत गुंडाळून खाली बसलो. चहावाली बसम्मा बघायली. "राजपालअण्णा, लावायलाव का काढायलाव?" म्हटलं, धुवायला नेतोय.

मग बसस्टँडसमोरचा. दोन्ही आणून मशीनमागं दडवले.

९ मार्च

वीरण्णा म्हणतो शिवशंकरच्या पोरांनी फाडला. शिवशंकर म्हणतो वीरण्णाच्या. "आमच्या लेकीचा अपमान!" दोघांचाही रास्ता रोको. एकाच रस्त्यावर, दोन टोकांना! मधी औरादची बस दीड तास अडकली. बसमधल्या एका म्हातारीनं खिडकीतून विचारलं, "लेक हाय तरी कुणाची?" दोन्हीकडून एकदम ओरडले, "आमची!"

१० मार्च

पेपरात आलं. फोटोसकट. बसली फाईल. आणि हे सगळं माझ्या पक्कडीनं झालं.

११ मार्च

दोघांनाही दुकानात बोलावलं. दोन्ही फ्लेक्स काढून पुढ्यात टाकले. "मी काढलेत. काय करायचं ते करा." आणि मग तोंड सुटलंच माझं. बाबांचं सांगितलं, दाराबाहेर उभं राहण्याचं सांगितलं. "तुमच्या 'आमची आमची'नं ती जाईल घरी, आणि तुम्ही घ्याल पुढच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापून!"

वीरण्णा साहेबांच्या मिशीतलं भोक बघत बसला. मग उठले आणि गेले. दोघं बरोबर गेले! भ्या वाटायलंय मला.

१२ मार्च

पोलीस स्टेशनातून बोलावणं. माझ्यावर तक्रार! दोन्ही पार्ट्यांची मिळून एक! दोघांचे शिक्के शेजारी शेजारी, असा कागद भालकीत कुणी बघितला नसंल. "सदर इसम राजपाल, त्याची आई, बहीण व सबंध घराणे दोन्ही पक्षांचा पहिल्यापासून तिरस्कार करते. सभेला येत नाही. झेंडा हातात धरत नाही. शुभेच्छा दिल्या तरी फाडून टाकते."

तिरस्कार? वीरण्णाच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी! शिवशंकरच्या आईला खांदा दिलाय! आई रडायली. जज्ज होणारीचा भाऊ आरोपी! जाऊन तोंड कुठं दाखवू?

२ एप्रिल

चौकशीचा माणूस आला. साधा शर्ट, अर्धी हिंदी अर्धी कन्नड. बसला, आणि विचारलं, घर कोणत्या पार्टीचं? मी काही बोलायच्या आत पंचशीलानं तक्रारीची नक्कलच त्याच्यापुढं आपटली. "बघा साहेब, कसल्या लोकांत राहायलोत आम्ही!" मी डोळ्यांनी न्हाई न्हाई करायलोय, तिचं लक्षच न्हाई.

त्यानं दोनदा वाचली. झेरॉक्स मागितली. माझ्याच मशीनवर काढून दिली. माझ्याच हातानं!

३० मे

काही न्हाई.

६ जुलै

काही न्हाई. आईनं माझ्याशी बोलणंच सोडलंय. शिव्या देत व्हती तेच बरं व्हतं.

२१ ऑगस्ट

सही झाली!! संध्या जज्ज! फोनवर दोघंही नुसते रडायलो, पंचशीलानं फोन ओढून घेतला तर तीही रडायली.

सांजच्याला वीरण्णा आणि शिवशंकर पेढे घेऊन दारात. एकाच मोटरसायकलवर! म्हटलं, कोणत्या तोंडानं आलाव? शिवशंकर म्हणतो, "येड्या, रास्ता रोकोनं घोळ आम्हीच केला व्हता. मग ही आमची न्हाई, त्यांचीबी न्हाई, असा दोन्ही शिक्क्यांचा कागद तिच्या फायलीला दुसरा कुठून मिळाला असता?"

मी खालीच बसलो. म्हटलं, मग मला आधी सांगायचं की! पाच महिने झोप न्हाई मला!

"तुला?" वीरण्णा म्हणला. "तू फक्त पंचशीलाला सांगितलं असतंस."

२५ ऑगस्ट

तक्रार माघारी घ्यायची दोघंही विसरले. आज कोर्टात तारीख. बाबा उभे राहायचे त्याच दारात उभं राहून शिपायानं पुकारलं, "राजपाल गुंडेराव, हाजिर हो!" मी एवढ्या जोरात "हाय जी!" म्हटलं की आतल्या जज्जसाहेबांनी चष्मा काढून बघितलं.