डाव्या कानातलं तेल

सोम., ४ ऑगस्ट, अमरावती
पोह्यांतल्या शेंगदाण्यांविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवतो. डावा कान महिनाभर बंद. चावलेला प्रत्येक दाणा कवटीत खडी फोडल्यासारखा वाजतो. बाहेरचं जग मात्र मौनव्रतात. सौ. म्हणे, "कवाची आवाज देऊन राहिली! भिताडाशी बोलली असती तं बरं झालं असतं." म्हटलं, भिंत पोह्यांची तारीफ करत नाही.

बुध., ६
पाठशाळेतलं कर्णपूरण आठवलं. तिळाच्या तेलात लसूण तळायचा, तेल कोमट झालं की कानात भरायचं, कुशीवर पडून शंभर मोजायचे. सौ.: "दवाखान्यात जा ना सिद्दे!" शास्त्र घरात असताना दवाखाना? दोन्ही वेळा घातलं.

शनि., ९
कान सुजला, आत खाज. फोन तरी डाव्याच कानाला. उजव्या हातानं बातमी उतरवायची पंचवीस वर्षांची सवय. बाजू बदलली तर वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळ्यांना कळेल. ऐकू न आल्यास तीन उत्तरं तयार: "हो हो", "वा, छान", "बघू". आजवर कुणी पकडलं नाही.
अकोल्याहून मुक्ताचा फोन. लेक बराच वेळ बोलली. तिन्ही वापरली.

सोम., ११
डॉ.नी कानात दुर्बीण घातली. काळी बुरशी. "शास्त्रीजी, पावसाळ्यात ओल्या कानात तेल म्हंजे बुरशीले खत." नळीनं ओढून काढली. इंचभराची तर वाट. बुजली की माणूस आपल्याच डोक्यात कोंडला जातो. चौकातल्या चहाला जाणं कधी सोडलं, आठवत नाही. कुणी बोलवायला आलं नाही. आलं असेल, तर...

गुरु., १४
विहीणबाईंचा सौ.ला फोन. गेल्या आठवड्यात मुक्ताचं पोट पडलं. अडीच महिने. दिवस गेल्याचंही आम्हाला ठाऊक नव्हतं.
सौ. रडत, "शनवारीच तुमाले सांगतलं म्हने तिनं. आईले तुमीच सांगा म्हने. मंग मले काऊन नाई सांगतलं?"
खरं ते सांगितलं.
"बंद कानानं फोन घेतला? माझ्या हाती काऊन नाई देल्ला?"
शनिवारी. वा, छान म्हणालो मी. बहुधा हसलोही

शनि., १६, अकोला
सौ.ला घेऊन सकाळच्या गाडीनं. मूर्तिजापूरपर्यंत एक वाक्य जुळवत होतो. कान आता बरा; कुकरची शिट्टी, मुक्ताच्या बांगड्या, सगळं ऐकू येतं. ताट वाढलं तिनं.
"बेटा, त्या दिवशी मले ऐकूच—"
"राहू द्या बाबा. मी बरी आहे."
मग, वरणात मीठ पुरे का, एवढंच. सौ. तिच्याजवळ राहिली. मी संध्याकाळी परत.

सोम., १८, अमरावती
डॉ. म्हणाले, वाट मोकळी झाली. ऐकण्याच्या नसेचं काय ते मशीनवर तपासल्यावर कळेल. हो हो म्हणालो. या वेळी ऐकून.
घरात कुणी नाही. आवाज स्पष्ट येतात आणि नकोसे वाटतात. जेवलो नाही.
बहिरेपणाचं भय वाटत नाही, लिहून ठेवतो. ऐकू आलं नाही ही मुक्ताला सबब वाटली असेल. यापुढे ती दुखलं-खुपलं मला सांगणार नाही, याचं भय आहे. दोनदा तिचा नंबर काढला. लावला नाही.